रुबी मायर्स ऊर्फ सुलोचना : बोलपटाने संपवलेली नायिका? मला मान्य नाही

सांजवात

मूकपटांतल्या नट्यांबद्दल आपल्याकडे एकच गोष्ट नावं बदलून सांगितली जाते. देखणी मुलगी, झटपट मिळालेलं नाव, मग १९३१ साली पहिला बोलपट 'आलम आरा', समोर माईक आला, बाईंना हिंदुस्तानी नीट बोलता येईना, कारकीर्द आटोपली. सुलोचनाच्या बाबतीत तर हे इतकं ठाम सांगतात की तिचे पुढचे चित्रपट मोजायलाही कुणी जात नाही. (सुलोचनादीदी लाटकर नव्हेत. ही त्यांच्या बरीच आधीची, खरं नाव रुबी मायर्स.) मला ही गोष्ट चुकीची वाटते आणि तिच्यावर अन्याय करणारीही वाटते. म्हणून धागा काढते आहे. विरोधी मतं जरूर मांडा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म पुण्यातला, १९०७ चा. घराणं बगदादी ज्यू. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करत असताना कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी तिला सिनेमात येतेस का विचारलं आणि तिने सरळ नकार दिला. सिनेमात काम करणं तेव्हा बाईच्या अब्रूला बट्टा लावणारं समजलं जाई, आणि तिच्या हातात तर पगाराची नोकरी होती. भवनानींनी पिच्छा सोडला नाही. १९२५ मध्ये 'वीर बाला' आला. १९२६ मध्ये 'सिनेमा क्वीन', 'टायपिस्ट गर्ल', 'टेलिफोन गर्ल'. १९२७ मध्ये 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे', ज्यात तिने आठ सोंगं वठवली. त्यात माळी होता, पोलीस होता, हैदराबादी गृहस्थ होता, रस्त्यावरचं पोर होतं, केळी विकणारी म्हातारी होती, सोनेरी केसांची युरोपियन बाईही होती. तोवर ती निर्माते अर्देशीर इराणींच्या इंपीरियल कंपनीत आली होती. तिथे आर. एस. चौधरींनी तिला घेऊन तीन मोठे मूकपट केले : १९२८ मध्ये 'माधुरी' आणि 'अनारकली', १९२९ मध्ये 'इंदिरा बी.ए.'

तिचं वजन किती होतं हे 'अनारकली'वरून कळतं. ग्रेट ईस्टर्न कंपनी लाहोरकडे याच कथेवर भव्य चित्रपट काढत होती, सीता देवीला घेऊन. इंपीरियलने ते ऐकलं, घाईघाईने आपली 'अनारकली' पुरी केली आणि आधी लावली. एवढा जुगार कंपनी खेळली तो सुलोचनाच्या नावावर.

आता १९३१ नंतरचं बघा. तिची हिंदुस्तानी कच्ची होती हे खरं. तिने काही काळ बाजूला बसून भाषेवर मेहनत घेतली. १९३२ मध्ये 'माधुरी' बोलपट म्हणून आला, नायिका तीच. १९३३ मध्ये तर चित्रपटाचंच नाव 'सुलोचना'. १९३४ मध्ये 'इंदिरा एम.ए.', १९३५ मध्ये बोलकी 'अनारकली', १९३६ मध्ये 'बंबई की बिल्ली'. नायक दिनशा बिलिमोरियाबरोबरची तिची जोडी तीसच्या दशकाच्या अखेरपर्यंत टिकली. मधल्या काळात तिने रुबी पिक्स नावाची स्वतःची कंपनीही काढली. माईक आल्यानंतर पाच वर्षं जी बाई कंपनीची पहिली नायिका राहते ती माईकने संपली कशी म्हणायची?

माझं म्हणणं असं. सुलोचना पडद्यावर ज्या तऱ्हेची बाई उभी करत होती, म्हणजे स्वतः कमावणारी, शहरात एकटी वावरणारी, वेळ पडली तर पुरुषी वेशात हिंडणारी, त्या बाईला तीसच्या दशकात पडद्यावर जागा उरली नाही. नायिका घरंदाज, सोशिक, गाणारी हवी झाली. भाषेचं कारण त्यामानाने छोटं होतं. सोयीचं होतं म्हणून तेच टिकून राहिलं.

---

गिरगावकर

सांजवात, मेहनतीने लिहिलंय, पण पूर्ण असहमत.

१९२७ सालचा 'बलिदान' घ्या. रवींद्रनाथांच्या 'विसर्जन' नाटकावरचा. त्यात सुलोचना, झुबेदा आणि मास्टर विठ्ठल तिघंही होते. चार वर्षांनी इराणींनी भारताचा पहिला बोलपट काढला तेव्हा त्यातले दोघे 'आलम आरा'त गेले, झुबेदा नायिका आणि आपला मास्टर विठ्ठल नायक. तिसरी, जी त्याच इंपीरियलची सर्वांत महागडी नटी होती, ती बाहेर राहिली. इराणी कसलेले धंदेवाईक होते. घरची सर्वांत खपणारी नटी पहिल्या बोलपटातून कुणी उगीच बाहेर ठेवत नाही. भाषेला तुम्ही 'छोटं कारण' म्हणता, मग हा निर्णय कसा समजावून सांगाल?

दुसरं, गाणं. पार्श्वगायन रुळायला सुरुवात झाली ती १९३५ च्या 'धूप छाँव'पासून. त्याआधी नटीने कॅमेऱ्यासमोर उभं राहून स्वतःच गायचं. 'आलम आरा'त सात गाणी. पुढच्याच वर्षी आलेल्या मादन कंपनीच्या 'इंद्रसभा'त सत्तरच्या आसपास. संगीत नाटकांवर पोसलेला आपला प्रेक्षक, त्याला पडद्यावरून आवाज आल्याबरोबर गाणंच हवं होतं. या बाजारात गळा नसलेली नायिका किती टिकणार?

आणि तुम्ही दिलेली यादीच माझी साक्ष आहे. 'माधुरी' पुन्हा, 'अनारकली' पुन्हा, 'इंदिरा' बी.ए.ची एम.ए., 'वाइल्डकॅट'ची 'बिल्ली'. नवीन काय? मूकपटात साठवलेली पुंजी बोलपटात मोडून खाल्ली. ती पुंजी १९३६ ला संपली, कारकीर्दही संपली.

---

कॅलिडोस्कोप

सांजवातला माझा पाठिंबा. काय बाई होती! महिना ५,००० रुपये पगार, त्या काळात! मुंबईच्या गव्हर्नरपेक्षाही जास्त. स्वतःची शेवरोले गाडी. महात्मा गांधी खादी प्रदर्शनाचं उद्घाटन करताहेत असा एक छोटा माहितीपट होता, त्याच्या जोडीला 'माधुरी'तला तिचा नाच ध्वनीची साथ जोडून दाखवला होता. गांधीजींच्या बरोबरीने जिचा नाच लोकांना हवा असतो तिला संपलेली कोण म्हणेल?

---

तळटीप

कॅलिडोस्कोप, गव्हर्नरची तुलना टिकत नाही. १९३५ च्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया ॲक्टच्या परिशिष्टात मुंबईच्या गव्हर्नरचा पगार वर्षाला १,२०,००० रुपये दिला आहे, म्हणजे महिन्याला १०,०००. त्याआधीही तो यापेक्षा कमी नव्हता. सुलोचनाला ५,००० मिळत असले तर ते गव्हर्नरच्या निम्मे झाले. ५,००० ही रक्कम स्वतःच इतकी मोठी आहे की तिला गव्हर्नरचा टेकू देण्याची गरज नाही. तरी हे वाक्य प्रत्येक लेखात येतं आणि कुणी कायदा उघडून बघत नाही.

याच कारणासाठी मला या धाग्यातल्या दोन्ही बाजू खटकतात. भारतात मूकपट झाले तेराशेच्या आसपास. त्यांतले पूर्ण किंवा तुकड्यांत उरले ते अगदी मूठभर. 'टायपिस्ट गर्ल', 'वाइल्डकॅट', 'माधुरी', मूक 'अनारकली' यांतलं काहीही आज पाहायला मिळत नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं १९६४ मध्ये, तोवर नायट्रेटची रिळं जळून गेली होती, सडली होती, चांदी काढण्यासाठी विकली गेली होती. सांजवात, तुम्ही म्हणता ती 'स्वतः कमावणारी, एकटी वावरणारी' बाई उभी करत होती. कशावरून? चित्रपटांच्या नावांवरून. 'टायपिस्ट गर्ल'मधली टायपिस्ट शेवटी नोकरी सोडून लग्न करत असेल, पश्चात्तापाने रडत असेल, कुणास ठाऊक. न पाहिलेल्या चित्रपटावर स्त्रीमुक्तीचा डोलारा उभा करू नये.

गिरगावकर, तुम्हालाही तेच. तिला गळा नव्हता हे कशावरून ठरवलंत?

---

सांजवात

तळटीप, पगाराची दुरुस्ती महत्त्वाची आहे, यापुढे कुणी गव्हर्नर आणला तर तुमचा प्रतिसाद दाखवीन.

पण चित्रपट नष्ट झाले म्हणून बोलायचंच नाही, हे मला पटत नाही. नष्ट झालेल्या गोष्टींबद्दल गप्प राहिलो तर या काळातल्या बायकांबद्दल काहीच बोलता येणार नाही. उरलं आहे त्यावरून जेवढं म्हणता येईल तेवढंच मी म्हणते आहे. चित्रपटाचं नाव कंपनी का ठेवते? तिकीट विकलं जावं म्हणून. १९२६ मध्ये मुंबईच्या दोन कंपन्यांना नव्हे, एकट्या कोहिनूरला, एका वर्षात टायपिस्ट आणि टेलिफोनवाली अशा दोन नोकरदार मुली नायिका म्हणून विकाव्याशा वाटल्या. शेवटी त्या मुलींचं लग्न लावलं असेलही. पण पोस्टरवर नाव लागलं ते त्यांच्या नोकरीचं. 'टायपिस्ट गर्ल' चंदुलाल शहांनी १७ दिवसांत पुरा केला आणि तो जोरात चालला. आणि आठ सोंगांची 'वाइल्डकॅट' कुणाच्या कल्पनेतली नाही, तिचं वर्णन उपलब्ध आहे. एका बाईने पोलीस, माळी आणि हैदराबादी गृहस्थ होऊन मुंबईच्या पडद्यावर वावरायचं, आणि १४ वर्षांपूर्वी याच मुंबईत 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती. किती झपाट्याने काय उलटलं ते बघा.

गिरगावकर, 'आलम आरा'चा मुद्दा मान्य. १९३१ मध्ये तिची भाषा तयार नव्हती, म्हणून झुबेदा. पण तो १९३१ चा निर्णय आहे. १९३२ मध्ये त्याच इराणींनी तिच्यावर पुन्हा पैसे लावले, आणि पुढची चार वर्षं लावत राहिले. कसलेला धंदेवाईक न चालणाऱ्या नटीवर चार वर्षं पैसे घालतो का?

---

रानपाखरू

मला चर्चा भलत्याच वाटेने चाललेली दिसते. भाषा की स्टुडिओ, हा प्रश्न नंतरचा. ती मुळात तिथे पोचली का, हे कुणी विचारत नाही.

१९१३ च्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, पुढच्या कमलाबाई गोखले, या दोघींनी काम केलं. पडद्यावर आलेल्या पहिल्या भारतीय बायका. मायलेकी पोटासाठी फिरत्या नाटक मंडळीत होत्या, नवऱ्यापासून वेगळं झालेल्या बाईला त्या काळी दुसरं काय होतं? समाजाने त्यांना वाळीत टाकल्यासारखं वागवलं. हे बघून ब्राह्मण, मराठा, कायस्थ घरांतल्या किती मुली पुढे आल्या असत्या? म्हणून कंपन्यांनी ज्यू आणि अँग्लो-इंडियन मुलींकडे मोर्चा वळवला. रुबी मायर्स झाली सुलोचना. रेने स्मिथ झाली सीता देवी. एफी हिप्पोलेट झाली इंदिरा देवी. आयरिस गॅस्पर झाली सबिता देवी. एस्थर अब्राहम झाली प्रमिला. आपल्या लेकीसुनांना घरात ठेवायचं, दुसऱ्यांच्या मुलींना आपली नावं देऊन पडद्यावर नाचवायचं, आणि पाहून आल्यावर त्यांच्या चालीरीतींवर बोलायचं. हा व्यवहार होता.

गोऱ्या कातडीचाही वाटा होता. सुलोचनाचं कौतुक करताना हे झाकू नये. तिच्या जागी तेवढ्याच हुशारीची सावळी मुलगी असती तर भवनानी इतके दिवस तिच्या मागे लागले असते असं मला वाटत नाही.

आणि हेच भवनानी १९३१ च्या 'फरेबी जाल'मध्ये दुर्गा खोट्यांना पहिल्यांदा पडद्यावर आणतात. लाडांची लेक, खोट्यांची सून, इंग्रजी शाळेत शिकलेली, सारस्वत घरातली. त्या चित्रपटावरून दुर्गाबाईंना केवढी बोलणी खावी लागली! पण पुढच्या वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, तारामती झाल्या, आणि सगळं क्षम्य ठरलं. एकदा घरंदाज बाई मिळाल्यावर ज्यू मुलींची गरज कमी झाली. सुलोचनाची गच्छंती इथे शोधा.

---

मी_नागपूरकर

रानपाखरूंच्या प्रतिसादातला संताप समजतो, पण निष्कर्ष पटत नाही. 'घरंदाज नायिका आली म्हणून स्वतंत्र बाई पडद्यावरून गेली' हे सांजवात आणि रानपाखरू दोघींनीही गृहीत धरलंय. मग १९३७ चा 'कुंकू' कुठे ठेवायचा? म्हाताऱ्याशी लावून दिलेलं लग्न नीरा मानत नाही, नवऱ्याला जवळ येऊ देत नाही, घरातल्या प्रत्येकाशी उभी भांडते. शांता आपटे त्या चित्रपटात मराठी गाणी गातात आणि लाँगफेलोची इंग्रजी कविताही गातात. सोशिक म्हणायचं का हिला?

मला वाटतं १९३७ पर्यंत प्रेक्षक पुढे गेला होता. वेशांतर, घोडेस्वारी, मारामारी, गाडी चालवणारी फॅशनेबल नायिका यातली नवलाई ओसरली. आता त्याला आपल्या वाड्यातलं, आपल्या आळीतलं दुःख पडद्यावर बघायचं होतं. याला मी प्रगती म्हणतो. सुलोचना मागे पडली कारण तिचे चित्रपट मागे पडले. प्रभात, न्यू थिएटर्स आणि बॉम्बे टॉकीज कुठे गेले आणि इंपीरियल कुठे अडकली ते बघा. इंपीरियलने १९३७ मध्ये 'किसान कन्या' रंगीत काढला, तंत्रात कायम पहिली, पण कथेत जुनीच. १९३८ मध्ये कंपनी बंद पडली.

---

सांजवात

नागपूरकर, 'कुंकू' माझ्याही अत्यंत आवडीचा आहे. नीराला सोशिक म्हणणार नाही. पण नीरा लढते कुठे? घरात. तिच्या लढाईचा शेवट बघा : म्हातारा नवरा स्वतः जीव देतो तेव्हा तिची सुटका होते. तिला नोकरी नाही, तिच्या हातात पैसा नाही, तिला घराबाहेर पडून जायला जागा नाही. अकरा वर्षं आधीची टेलिफोन गर्ल पगार घेत होती. 'कुंकू' थोर चित्रपट आहे, म्हणून त्याच्या आधीचं सगळं पोरकट होतं असं होत नाही.

आणि हे विसरू नका की टेलिफोनवाली मुलगी पडद्यावर येण्याआधी रुबी मायर्स स्वतः टेलिफोनवर काम करत होती. पुढच्या नायिकांना ज्या नोकऱ्या पटकथेत लिहून मिळाल्या, त्यातली एक तिने पोटासाठी केली होती. मला तिच्याबद्दल ओढ वाटते त्याचं हे मोठं कारण आहे.

रानपाखरू, तुमचा मुद्दा मी पूर्ण मान्य करते, फक्त एक जोड देते. गरज होती म्हणून कंपन्यांनी ज्यू मुली घेतल्या हे खरं. पण त्या गरजेचं तिने काय केलं? डझनभर मुली आल्या, त्यांतल्या किती जणींच्या नावावर चित्रपट काढले गेले? तिच्या यशाचं सगळं श्रेय परिस्थितीला दिलं की तिच्या वाट्याला काहीच उरत नाही, आणि हाही अन्यायच आहे.

---

जुना_प्रेक्षक

मी या बाईंना पडद्यावर पाहिलेलं आहे, म्हणून लिहितो. १९५३ चा 'अनारकली'. तेव्हा मी शाळेत होतो. बीना राय, प्रदीपकुमार आणि आपल्या सी. रामचंद्रांचं संगीत. गाणी गल्लीगल्लीत वाजत होती. त्या चित्रपटात सलीमची आई जोधाबाई झालेल्या बाई म्हणजे या सुलोचना. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. आमच्या मोठ्या काकांनी इंटरव्हलमध्ये सांगितलं की ही राणी आहे ना, ही खरी अनारकली, आम्ही हिच्यासाठी रांगा लावल्या होत्या. दोनदा अनारकली झालेली बाई तिसऱ्या अनारकलीत आई म्हणून उभी होती. दिग्दर्शक नंदलाल जसवंतलाल, ज्यांनी 'इंदिरा एम.ए.' आणि 'बंबई की बिल्ली'मध्ये त्यांना नायिका म्हणून घेतलं होतं. त्यांनी जुनी ओळख ठेवली, काम दिलं, याचं मला बरं वाटतं.

पण सांजवातताई, तुम्ही 'संपली नाही' म्हणता तेव्हा मला त्रास होतो. मी जे पाहिलं ते संपणंच होतं. १९४७ च्या 'जुगनू'त दिलीपकुमार आणि नूरजहाँ तरुण, या प्रौढ बाई, आणि एक प्रौढ प्राध्यापक त्यांच्या प्रेमात पडतो. मुंबईचे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांनी त्या चित्रपटावर बंदी घातली होती. चाळिशीच्या बाईवर कुणी प्रेम करावं हेसुद्धा लोकांना सोसवेना. त्यानंतर 'नील कमल'सारख्या चित्रपटांत किरकोळ कामं. पाटीवर नाव शोधावं लागे. १९७३ चा फाळके पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या ऑफिसातल्या बऱ्याच जणांना वाटलं की तो सुलोचना लाटकरांना मिळाला. १९८३ च्या ऑक्टोबरात त्या मुंबईत गेल्या. ज्या शहराने त्यांच्यासाठी थिएटरं भरली त्या शहरात फार थोड्यांना कळलं असेल. याला उतरती कळा म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? ती होती असं सांगितल्याने त्यांचा मान कमी होत नाही.

---

तळटीप

जुना_प्रेक्षक काका, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत मोलाचा. पुरस्काराबद्दल एक जोडतो. फाळके पुरस्कार सुरू झाला १९६९ साली देविका राणींपासून. मग बी. एन. सरकार, पृथ्वीराज कपूर, पंकज मलिक, आणि पाचव्या सुलोचना. बाई म्हणून दुसऱ्या. कानन देवी १९७६, दुर्गा खोटे १९८३. म्हणजे निवड करणाऱ्यांच्या लेखी ती दुर्गाबाईंच्या आधी होती. आणि एक गोष्ट दोन्ही बाजूंना सांगतो. तिचं काम पाहिलेली माणसं १९७३ मध्ये जिवंत होती. निवड झाली तेव्हा निदान काहींना तरी तिचे मूकपट आठवत असणार. आज आपल्याला ती सोय नाही.

'बलिदान'बद्दलही. १९२७-२८ मध्ये सरकारने सिनेमाच्या चौकशीसाठी नेमलेली रंगाचारियर समिती देशभर फिरली, साक्षी घेतल्या, चांगल्या घरातल्या शिकलेल्या बायका सिनेमात का येत नाहीत हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. त्या समितीने ज्या भारतीय चित्रपटांचं कौतुक केलं त्यात 'बलिदान' होता. तेव्हा 'नुसतं गोरं कातडं' एवढ्यावर तिचं काम निकालात काढता येणार नाही, रानपाखरू.

---

रानपाखरू

'नुसतं' मी म्हटलेलं नाही. 'कातडीचाही वाटा होता' म्हटलंय, आणि त्यावर ठाम आहे. बाकी काकांशी सहमत. 'जुगनू'ची हकिगत वाचून फार वाईट वाटलं. तिशी उलटलेल्या नायकांना अजून पंचवीस वर्षं कॉलेजकुमार म्हणून वावरता आलं. बिलिमोरियालाही पुढे फारसं कुणी विचारलं नाही हे खरं, पण त्याला कुणी भाषेवरून संपवलं म्हणत नाही. हा दोष बायकांच्याच पदरात का पडतो?

---

गिरगावकर

धागा खूप पुढे गेला. काही गोष्टी मान्य करतो. इंपीरियल बंद पडली हा मोठा घाव होता. गोहरशी तुलना केली तर ते दिसतंच. 'टायपिस्ट गर्ल'मध्ये गोहरही होती. ती पुढे चंदुलाल शहांबरोबर रणजित फिल्म कंपनीची भागीदार झाली, घरची कंपनी, त्यामुळे बोलपटात निर्धास्त राहिली. झुबेदाच्या मागे तिची आई फातमा बेगम, जिने १९२६ मध्येच स्वतःची कंपनी काढून 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. सुलोचनाच्या मागे असं कुणी नव्हतं. रुबी पिक्स फार चालली नाही.

पण भाषेचा आणि गाण्याचा मुद्दा सोडत नाही. इंपीरियल बुडाली तेव्हा ती अवघी ३१ वर्षांची. नाव मोठं, अनुभव मोठा. भाषा खरोखर जमली असती तर दुसऱ्या कंपनीने तिला उचलली असती. का नाही उचलली?

---

सांजवात

गिरगावकर, कारण प्रत्येक कंपनीचं घर आधीच भरलेलं होतं. बॉम्बे टॉकीजकडे देविका राणी, रणजितकडे गोहर, प्रभातकडे शांता आपटे आणि दुर्गाबाई. महिन्याच्या पगारावर नट बांधून ठेवायची पद्धत होती, आणि दुसऱ्या कंपनीचा ठसा लागलेली, एवढ्या पगाराची सवय असलेली, तिशी ओलांडलेली नटी घ्यायला कुणी तयार नव्हतं. जुना_प्रेक्षक काकांनी 'जुगनू'चं सांगितलं त्यात वयाचं उत्तर आहेच. काका, उतरती कळा होती हे मी नाकारत नाही. मला फक्त तिचं कारण बरोबर लिहिलेलं हवं आहे.

आणि भाषेचं म्हणाल तर सागर मूव्हीटोन बघा. १९३० च्या दशकातली त्यांची पहिली नायिका कोण? सबिता देवी. म्हणजे आयरिस गॅस्पर. तीही मूकपटातून आलेली, तीही घरात हिंदुस्तानी न बोलणारी, तीही तसलंच नाव घेतलेली. ती शिकली आणि बोलपटात वर्षानुवर्षं आघाडीवर राहिली. एकीला जमलं ते दुसरीला, जी तोवर चार वर्षं बोलपटांची नायिका होती तिला, जमलं नसेल असं तुम्ही कशाच्या आधारावर म्हणता?

---

गिरगावकर

सबिता देवीचं उदाहरण चांगलं आहे, ते मी विचारात घेतलं नव्हतं. पण सबिता गायची. 'इंदिरा एम.ए.' आणि बोलक्या 'अनारकली'त सुलोचनाची गाणी कुणी म्हटली, किती होती, आणि तबकड्या निघाल्या का, हे जुन्या तबकड्या जमवणाऱ्या कुणाला ठाऊक असेल तर इथे लिहा. निकाल त्यावर लागेल. तोवर मी माझ्या जागी.